सड्यावरचा पोटखराबा

धक्क्यावर दिवसभर बर्फ अन् मासळी वाहणारा हमाल सुट्टीला फुलं बघायला जातो, म्हणून हसाल. हसा. भाद्रपदात रत्नागिरीच्या सड्यावर गेलो होतो. आठ महिने करपलेला जांभ्याचा कातळ, पावसात त्यावर बोटभर माती, डबकी, पांढरे गेंद, जांभळी सीतेची आसवं. नावच तेवढं रडकं. त्या मातीत खायला काही नाही, म्हणून हे रोप ओलीत बारीक पिशव्या लावून पाण्यातले किडे खातं. मला ते आपल्यातलंच वाटलं.

सातबाऱ्यावर असला कातळ म्हणजे पोटखराबा. पीक नाही, सारा नाही. खराबा म्हटला की चिऱ्याची खाण काढायला, सुरुंग लावून हापूस लावायला मोकळा. बाबासाहेबांनी १९३७ साली खोती मोडायचं बिल मांडलं, कायदा झाला १९४९ साली. जमिनीकडं बघायची नजर मात्र अजून खोताचीच.

सडा उतरलो तर खाली देवराई. कुऱ्हाड न लागलेलं गच्च रान, मधे झरा. शिकलेले लोक म्हणतात, देवाच्या धाकानं रान राहिलं. असेल. वाटेवरच्या म्हाताऱ्याला एका झाडाचं नाव विचारलं, तर त्यानं मलाच विचारलं, "कुणातले तुम्ही?" सांगितलं.

"मग हितनंच बघा."

आता बोला, हा धाक कुऱ्हाडीला की मला? रान राहिलंच पायजे, तिथं कुऱ्हाड मीही पडू देणार नाही. पण राखणदारीत माझा वाटा कुंपणाबाहेरचा का?

चपला हातात घेतल्या अन् आत गेलो. झऱ्याचं पाणी ओंजळीनं प्यालो. म्हातारा बघत होता.