जर-तर येतं ना, मग इंग्रजीची भीती कशाला?

मुलांच्या इंग्रजी व्याकरणात 'कॉम्प्लेक्स सेंटेन्स' आलं, की घरोघरच्या आया हात टेकतात. 'ते बाई आम्हाला नाही जमत, क्लासच्या सरांना विचार,' हे ठरलेलं उत्तर. सन 2000 पासून आपल्या राज्यातल्या मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आलं, पण आईची भीती काही गेली नाही. मग 'आईला काही येत नाही' हे मुलंही हळूहळू धरूनच चालतात. याचं मला फार वाईट वाटतं.

अहो, संमिश्र वाक्यं तर आपण दिवसभर बोलतो! 'जी बाई दूध घालते, ती आज आली नाही.' यातलं 'ती आज आली नाही' हे मुख्य वाक्य आणि 'जी बाई दूध घालते' हे त्याच्या आधारानं उभं असलेलं गौण वाक्य. इंग्रजीतला 'सबऑर्डिनेट क्लॉज' म्हणजे हाच.

फरक एवढाच, की मराठीत बहुतेकदा शब्दांची जोडी येते. जो-तो, जेव्हा-तेव्हा, जरी-तरी. इंग्रजीचं एकावर भागतं. 'द वुमन हू ब्रिंग्ज द मिल्क डिड नॉट कम टुडे.' 'जी'च्या जागी 'हू' आलं, 'ती' गळाली. मुलं नेमकी इथेच चुकतात. 'जरी-तरी'च्या सवयीनं 'ऑल्दो' लिहून पुढे 'बट'ही लिहितात. दोन्हींतलं एकच ठेवायचं.

दुसरी चूक काळाची. 'जेव्हा पाऊस पडेल, तेव्हा पेरणी करू' यात दोन्हीकडे भविष्यकाळ आहे. इंग्रजीत मात्र 'व्हेन इट रेन्स, वुई विल सो द सीड्स.' 'विल' फक्त मुख्य वाक्यात. 'इफ'चंही तसंच.

क्लासमध्ये नियम पाठ करून घेतात, पण घरातल्या बोलण्याशी त्यांची सांगड क्वचितच घातली जाते. ते काम आई करू शकते. त्यासाठी फाडफाड इंग्रजी यायला नको.

तेव्हा मैत्रिणींनो, पोळ्या लाटता लाटता मुलाला रोज एक मराठी वाक्य द्या. त्यातली जोडी ओळखायला सांगा, मग त्याचं इंग्रजी करायला लावा. अडलं तर शिक्षकांना विचारू दे. पण त्याची वही आधी तुम्ही उघडा.