गोड नाव नको, हक्क द्या!

1938 साली मुंबई विधिमंडळात 'हरिजन' हा शब्द कायद्यात घालण्याला बाबासाहेबांनी विरोध केला आणि सहकाऱ्यांसह सभात्याग केला. नाव गोड होते, पण त्याने एकही पाणवठा खुला होणार नव्हता. आजचा 'दिव्यांग' हा शब्द त्याच जातकुळीचा आहे.

ऑटिझमला आपण 'स्वमग्नता' म्हणतो. म्हणजे मूलच स्वतःत बुडालेले, आपला काही दोष नाही! खरे तर आवाज, उजेड, स्पर्श त्याला वेगळे जाणवतात आणि त्याची बोलण्याची रीतही वेगळी असते. जुन्नर-आंबेगावच्या वाड्यावस्त्यांवर तर हा शब्दही पोचलेला नाही. तिथे मूल 'येडं' ठरते आणि आईला ऐकवतात, 'मागच्या जन्माचं पाप'. बौद्ध वस्तीत हे ऐकले की चीड येते. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये बाबासाहेबांनी पूर्वकर्माचा सिद्धांत नाकारला आहे. दुबळ्यांच्या जबाबदारीतून समाजाला आणि सरकारला मोकळे करणे, एवढाच त्या सिद्धांताचा उपयोग, असे ते म्हणतात. जयंतीला पुस्तके वाटणाऱ्यांनी ती उघडावीत.

शहरातले काही सुशिक्षित सांगतात, 'लेबल नकोच, प्रेम द्या.' पैसेवाल्यांना हे परवडते. आपण जातीचा दाखला काढतो म्हणजे जात मानतो का? ऑटिझमचे प्रमाणपत्रही तसेच आहे. ती मुलाची ओळख नाही, हक्क मागायचा कागद आहे. 1995 च्या कायद्यात ऑटिझम नव्हताच. 2016 च्या कायद्यातल्या 21 प्रकारांत तो आला. 40 टक्के किंवा जास्त अपंगत्व असेल तर 6 ते 18 वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, तोही जवळच्या शाळेत. पण आहुपे खोऱ्यातल्या मजूर आईने रोज बुडवून तपासणीसाठी किती फेऱ्या मारायच्या? तपासणी शिबिर घोडेगावला, जुन्नरला का होऊ नये? आणि 'हे पोर आमच्याकडे नको' म्हणणाऱ्या शाळेला कायदा कोण दाखवणार?

ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के अपंगांसाठी खर्चायचे असतात. पुढच्या ग्रामसभेत उठून हिशोब मागा, लेखी मागा. एकट्या आईला उभे करू नका, दहा जण सोबत जा.

आणि 14 एप्रिलच्या मिरवणुकीत कान दाबून रडणाऱ्या पोराला 'भित्रं' म्हणण्याआधी डीजेचा आवाज कमी करा. त्यासाठी कुठल्या शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही, मंडळ आपलेच आहे.