जे वचन घेतलेच नाही, त्याचे नूतनीकरण कसले?

लग्नाला पंचवीस किंवा पन्नास वर्षे झाली की मुलाबाळांना, नातवंडांना घेऊन प्रवासी जहाजावर जायचे, दोन-चार दिवस समुद्रावर सहल करायची आणि तिथेच पुन्हा एकदा एकमेकांना हार घालून लग्नाची वचने द्यायची, ही पद्धत पाश्चात्य देशांत चांगलीच रुळलेली आहे. मोठ्या क्रूझ कंपन्या या समारंभाचे वेगळे पॅकेजच विकतात. कप्तान समोर उभा राहतो, जोडपे वचने म्हणते, केक कापला जातो, फोटो निघतात. २०२१ पासून मुंबई बंदरातून कॉर्डेलिया कंपनीचे जहाज सहलींवर जाऊ लागले आणि ही हौस महाराष्ट्रातल्या नोकरदार वर्गाच्या आवाक्यात आली.

परभणीला समुद्र नाही. गोदावरी, पूर्णा आणि दुधनेचा हा जिल्हा. पण संध्याकाळी देवगिरी एक्स्प्रेसमध्ये बसले की सकाळी मुंबई, आणि स्टेशनवरून बॅलार्ड पिअर हाकेच्या अंतरावर. तेव्हा शिक्षक, बँक अधिकारी, अभियंते झालेल्या आमच्या समाजाच्या घरांतही लग्नाच्या रौप्यमहोत्सवाची चर्चा करताना जहाजाचा विषय निघाला, तर आम्हाला नवल वाटणार नाही.

यावर चळवळीतल्या काही मंडळींचे उत्तर ठरलेले असते. हे श्रीमंतांचे चोचले, समाज उपाशी आणि हे समुद्रावर, असे म्हणून ते मोकळे होतात. आम्हाला हे उत्तर मान्य नाही. ज्यांच्या आजोबांना गावच्या पाणवठ्यावर पाणी पिऊ दिले गेले नाही, त्यांच्या नातवाने स्वकष्टाच्या पैशाने समुद्र पाहिला तर त्यात वाईट काय? आमच्या माणसांनी फक्त दुःखच भोगावे, असा कुठला नियम आहे? प्रश्न पैशाचा नाहीच. प्रश्न त्या वचनांचा आहे.

कायद्याच्या दृष्टीने या समारंभाला काडीचीही किंमत नाही. झालेले लग्न त्याने अधिक पक्के होत नाही आणि मोडलेले जुळत नाही. तिथे भटजी नाही, हुंडा नाही, मानपान नाही, कोणाची सक्ती नाही. दोन माणसे आणि त्यांचा शब्द, एवढाच तो विधी. म्हणून तो शब्दच तपासून पाहिला पाहिजे. नूतनीकरण कशाचे होते? जे आधी होते त्याचे. करार आधी झालेला असेल तरच त्याचे नूतनीकरण होते. मग पहिले वचन कोणी दिले होते? किती वर्षांचे असताना दिले होते? आणि देणाऱ्याला कोणी विचारले होते काय?

हा प्रश्न परभणीत विचारला तर मान खाली घालण्याची पाळी येते. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार परभणी जिल्ह्यातील २० ते २४ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी ४८ टक्के स्त्रियांची लग्ने अठरा वर्षे पूर्ण होण्याआधीच झाली होती. राज्याची सरासरी २२ टक्क्यांच्या आसपास असताना परभणीचा आकडा त्याच्या दुपटीहून अधिक आहे. यात सगळ्या जाती-धर्मांच्या मुली आल्या. आपण यातून सुटलो आहोत, अशा भ्रमात कोणीही राहू नये.

याची कारणे गावात सगळ्यांना ठाऊक आहेत. गंगाखेडकडच्या डोंगरपट्ट्यातून दिवाळीनंतर ऊसतोडीला माणसे निघतात. मुकादम उचल देतो ती जोडीला. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकट्या पोराला उचल कमी, जोडीला जास्त. मग पोराचे लग्न लावून कोयता पुरा केला जातो. दुसऱ्या बाजूला आईबाप फडात राबायला जाणार, वयात येणारी मुलगी गावात कोणाच्या भरवशावर ठेवायची, या भीतीपोटी तिला उजवून टाकतात. गावात सातवी किंवा दहावीच्या पुढची शाळा नाही, एस.टी. वेळेवर येत नाही, म्हणून शिक्षण थांबते. शिक्षण थांबले की लग्न ठरते. लहान मुलीला हुंडा कमी लागतो, हा हिशेबही असतोच. या सगळ्यात मुलीचे वचन कुठे आहे? जे वचन तिने दिलेच नाही, ते पंचवीस वर्षांनी जहाजावर नेऊन नवे कसे करणार?

कोणी म्हणेल, आपल्या महापुरुषांची लग्नेही बालवयातच झाली होती. बरोबर आहे. १८४० साली क्रांतिबा जोतिरावांचे लग्न झाले तेव्हा ते तेरा वर्षांचे आणि सावित्रीमाई नऊ वर्षांच्या होत्या. १९०६ साली भायखळ्याच्या बाजारात रात्रीच्या वेळी भीमराव आणि रमाईचे लग्न लागले, तेव्हा रमाईचे वयही नऊच्या आसपासच होते. या मुलींना कोणीही काही विचारले नव्हते. पण पुढे काय घडले ते पाहा. जोतिरावांनी सावित्रीमाईंच्या हाती पाटी दिली, आणि ती पाटी घेऊन त्या मुलींच्या शाळेत शिक्षिका म्हणून उभ्या राहिल्या. १८९० साली जोतिराव गेले, तेव्हा अंत्ययात्रेत टिटवे धरून त्याच पुढे चालल्या. नऊ वर्षांच्या मुलीच्या नावाने दुसऱ्यांनी जे वचन दिले होते, ते या दोघांनी जाणतेपणी स्वतःचे करून घेतले. खरे नूतनीकरण ते हेच.

जहाज तर आपल्या चळवळीला मुळीच परके नाही. १९१३ साली बाबासाहेब जहाजानेच अमेरिकेला शिकायला गेले. १९१७ साली परतताना त्यांचे सामान ज्या बोटीवर होते ती पाणतीराच्या माऱ्याने बुडाली. १९२० साली ते पुन्हा जहाजानेच लंडनला गेले. त्या सगळ्या वर्षांत रमाई मुंबईच्या चाळीत होती. तिने चार लेकरे गमावली, उपास काढले. जहाज पुढे जात होते ते किनाऱ्यावर राहिलेल्या एका बाईच्या बळावर. १९३५ साली ती गेली. बाबासाहेबांनी पुढे ‘थॉट्स ऑन पाकिस्तान’ हा ग्रंथ तिच्या स्मृतीला अर्पण केला आणि तिचे ऋण जगासमोर मान्य केले. रमाईच्या त्यागाचे गोडवे गाऊन आपल्या बायकोकडून तसाच त्याग मागणाऱ्या नवरोजींनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. रमाईचा त्याग हे आपल्यावरचे कर्ज आहे, आपली वसुली नव्हे.

बाबासाहेबांनी यावरचा मार्गही सांगून ठेवला आहे. २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या दलित महिला परिषदेत हजारो स्त्रियांसमोर बोलताना त्यांनी मुलांच्या लग्नाची घाई करू नका, असे बजावले. बायकोने नवऱ्याची दासी न होता मैत्रीण आणि बरोबरीची साथीदार व्हावे, असे सांगितले. १९४८ साली त्यांनी स्वतः डॉ. शारदा कबीर यांच्याशी दिल्लीत नोंदणी पद्धतीने विवाह केला. दोन जाणत्या माणसांच्या सह्यांनी झालेला तो विवाह होता. आणि हिंदू कोड बिल रखडवले गेले, तेव्हा १९५१ साली त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्याच्याही आधी, २५ डिसेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाजाचे पहिले लग्न भटजीशिवाय लागले होते. जोतिरावांनी रचलेल्या मंगलाष्टकांत वधू स्वतः बोलते, स्त्रियांच्या हक्काचा जाब विचारते आणि वराला उत्तर द्यावे लागते. ज्या मुलीला प्रश्न विचारण्याचे वय नाही, तिला त्या मांडवात उभेच करता येत नाही.

आपल्या मंगल परिणयात वर आणि वधू जी पाच-पाच वचने घेतात, त्यांचे मूळ दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात आहे. नवऱ्याने बायकोचा सन्मान करावा, तिचा अपमान करू नये, तिच्याशी एकनिष्ठ राहावे, घरातील अधिकार तिच्या हाती द्यावा आणि तिला वस्त्रालंकार द्यावेत. यातले शेवटचे वचन सगळे उत्साहाने पाळतात, कारण ते लोकांना दिसते. चौथ्या वचनाचे काय? अधिकार म्हणजे स्वयंपाकघराची किल्ली नव्हे. घर कोणाच्या नावावर आहे? शेत असेल तर सात-बारावर कोणाचे नाव आहे? बँकेच्या पुस्तकावर, निवृत्तिवेतनाच्या कागदावर कोणाचे नाव आहे? नव्वदच्या दशकाच्या तोंडावर शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली. गावोगावच्या शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करावा, असे आवाहन केले, आणि अनेक शेतकऱ्यांनी तसे केलेही. त्या संघटनेशी आपले मतभेद असतील, पण ही गोष्ट आपल्याला शिकण्यासारखी आहे. आपली बहुसंख्य माणसे भूमिहीन. पण शहरात घेतलेला फ्लॅट तर आपल्या हातात आहे? खेड्यातल्या घराच्या नमुना आठच्या उताऱ्यावर पत्नीचे नाव लावण्याची सोय तर आहे?

म्हणून आमचे म्हणणे एवढेच आहे. ज्यांना जहाजावर जायचे त्यांनी खुशाल जावे. ज्यांना ते परवडत नाही त्यांनी गावच्या विहारात दहा माणसांसमोर हा समारंभ करावा. पण पंचवीस वर्षांनी वचन द्यायचे असेल, तर ते नव्याने नव्हे, पहिल्यांदाच दिल्यासारखे द्यावे. ज्या बाईला चौदाव्या-पंधराव्या वर्षी कोणी विचारले नाही, तिला चाळिसाव्या वर्षी तरी विचारावे: बाई, तुझी अट काय आहे? ती जे सांगेल ते आधी ऐकून घ्यावे. मग हार घालावेत. त्या दिवशीच्या फोटोबरोबर घराचा उतारा दोघांच्या नावावर झालेला असावा.

आणि त्या समारंभात आणखी एक वचन घातले पाहिजे. आमच्या घरातील, आमच्या वस्तीतील कोणत्याही मुलीचे लग्न अठरा वर्षांच्या आत होऊ देणार नाही, हे ते वचन. २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याने असे लग्न लावणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड ठेवला आहे. खेड्यात ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो आणि १०९८ या क्रमांकावर कोणालाही कळवता येते. याच कायद्यात आणखी एक तरतूद आहे, ती फार थोड्या मुलींना सांगितली जाते. जिचे लग्न अठराच्या आत लावले गेले, ती वयाची वीस वर्षे पूर्ण होण्याआधी न्यायालयात जाऊन ते लग्न रद्द करून मागू शकते. म्हणजे कायदाही हेच म्हणतो की, जे वचन मुलीने समजून-उमजून दिले नाही, ते नाकारण्याचा तिला हक्क आहे. ही माहिती प्रत्येक विहारात, प्रत्येक जयंतीच्या मंडपात, ऊसतोडीला निघणाऱ्या प्रत्येक टोळीत पोहोचवणे हे कार्यकर्त्यांचे काम आहे.

‘नाही’ म्हणण्याचा हक्क ज्या मुलीला आहे, तिच्याच ‘हो’ला वचन म्हणतात. परभणीतल्या प्रत्येक मुलीला तो हक्क मिळू द्या. मग पंचवीस वर्षांनी तिने आपले वचन नवे करायचे ठरवले, तर ते बोटीवर करायचे की विहारात, हे तिचे तीच ठरवील.