दंड कोणाला जड, कोणाला हलका?

१/ सन १८८२. कोल्हापूरचे चौथे शिवाजी महाराज यांच्या छळाबद्दल ‘केसरी’ व ‘मराठा’ यांनी दिवाण बर्वे यांच्यावर आरोप केले. आधारभूत पत्रे बनावट ठरली. आगरकर व टिळक यांनी क्षमा मागितली. तरीही अब्रुनुकसानीबद्दल चार महिन्यांची साधी कैद झाली. पैकी १०१ दिवस त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात काढले.

२/ जानेवारी २०२४, ओसाका. उपाहारगृहात कर्कश संगीत वाजवून व्यवसायात अडथळा आणल्याबद्दल जॉनी सोमाली या अमेरिकी लाइव्हस्ट्रीमरला २ लाख येन दंड झाला. गुन्हा किरकोळ, शिक्षाही किरकोळ. त्याच वर्षी दक्षिण कोरियात त्याच्यावर नवा खटला उभा राहिला.

३/ दंडाचा धाक का उरला नाही? ज्याची कुप्रसिद्धी हीच कमाई, त्याच्या लेखी दंड हा धंद्यातील खर्च ठरतो. तोच दंड रोजंदारीवर जगणाऱ्याचे घर मोडतो.

४/ १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत बदनामीसाठी कैद व दंडासोबत समाजसेवेचाही पर्याय आहे. पवनी तालुक्यातील कोंढ्यातून मोबाइलवर थेट बोलणारा तरुणही याच कायद्याच्या कक्षेत येतो.

५/ न्यायालयांनी हा पर्याय गांभीर्याने वापरावा. समाजसेवेत पैसा नव्हे, वेळ द्यावा लागतो. आणि वेळ श्रीमंताला विकत घेता येत नाही. अट एकच असावी: त्या सेवेचे चित्रीकरण होऊ नये. अन्यथा शिक्षाच पुढचा कार्यक्रम होईल.