प्रवाळाच्या पेटीत तळाला काय घालावं?

मैत्रिणींनो, घरात फिशटँक आणायचा ठरला की पेटी केवढी, दिवे कोणते, मासे कोणते याची चर्चा आठवडाभर चालते. तळाशी काय घालायचं, हे मात्र दुकानात पैसे देता देता विचारलं जातं आणि दुकानदार हाताशी असेल ती थैली उचलून देतो. गोड्या पाण्याच्या पेटीत हे एक वेळ चालून जातं. खाऱ्या पाण्याच्या, प्रवाळ ठेवायच्या पेटीत ते महागात पडतं. तिथली वाळू नुसती शोभेची नसते. कुणाची ती झोपायची खोली असते, कुणाचं जेवणाचं ताट, आणि सगळ्या पेटीची घाण जिरवण्याची जागाही तीच. एकदा खडक मांडून मासे सोडले की वाळू बदलणं म्हणजे भरल्या घरातली फरशी उखडणं! आणि हौस नवऱ्याची असो की मुलाची, पेटी पुसण्याचं काम शेवटी कुणाकडे येतं, हे मी तुम्हाला सांगायला नको. तेव्हा वाळू निवडताना आपण तिथे हजर असलेलं बरं.

मी शाळेत अर्धवेळ शिकवते. प्रवाळबेटांचं चित्र दाखवलं की मुलं हमखास विचारतात, "बाई, तिथली वाळू इतकी पांढरी कशी?" उत्तर ऐकून वर्गात हशा पिकतो. त्या वाळूचा बराचसा भाग माशांची विष्ठा असते! पोपटमासे प्रवाळाचे खडक चावून त्यावरचं शेवाळ खातात आणि दगडाचं पीठ मागून टाकतात. एकेक मोठा पोपटमासा वर्षाकाठी शेकडो किलो वाळू तयार करतो. बाकीची वाळू शिंपल्यांच्या आणि प्रवाळाच्या चुऱ्याची. म्हणजे ही वाळू मुळात कॅल्शियम कार्बोनेट, आपल्या खडूची नातेवाईकच. बाजारात 'अ‍ॅरागोनाइट' नावाने मिळते ती हीच जात. बहामा बेटांजवळच्या समुद्रात तर पाण्यातला चुना कणाभोवती साचून मोत्यांसारखे गोल दाणे आपोआप तयार होतात.

आपल्या कोकणच्या किनाऱ्याची वाळू मात्र वेगळी. तिच्यात गारगोटीचे कण असतात, आणि रत्नागिरीकडे लोह आणि टायटॅनियम असलेली काळी वाळूही सापडते. पेटीची काच आतून पुसायला चुंबकाचा ब्रश वापरतात. असे लोहयुक्त कण त्याला चिकटले की काचेवर ओरखडे उठलेच म्हणून समजा. किनाऱ्यावरचं तेल, सांडपाणी वाळूत मुरलेलं असतं ते वेगळंच. म्हणून सुट्टीत भरून आणलेली पिशवी पेटीत रिकामी करू नका.

प्रवाळाचे तुकडे तर अजिबात उचलू नका. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. २००१ साली दगडी प्रवाळांचा त्याच्या पहिल्या अनुसूचीत समावेश झाला. किनाऱ्यावर पडलेला मेलेला तुकडासुद्धा त्यात येतो. मालवणच्या समुद्रात प्रवाळ आहेत आणि १९८७ पासून तिथे सागरी अभयारण्य आहे. तिथून मुलांनी खिशात घालून आणलेला दगड म्हणजे गंमत नव्हे. हाच नियम दुकानालाही लावा. 'प्रवाळाची खडी' म्हणून सुटी विकली जाणारी वस्तू घेऊ नका. छापील थैली, तिच्यावर माल कुठला ते लिहिलेलं आणि हातात पक्कं बिल, एवढं असेल तरच पैसे द्या. पेटीत ठेवायचे जिवंत प्रवाळ कायदेशीर मार्गाने आल्याचे कागदही आधी पाहा, मगच पुढे जा.

आता वाळू पारखायची कशी? स्वयंपाकघरातलं व्हिनेगर घ्या. चमचाभर कोरड्या वाळूवर थेंब थेंब टाका. फसफसली तर ती चुन्याच्या जातीची; थंडच राहिली तर गारगोटीची. मात्र संगमरवराचा चुराही असाच फसफसतो, तेव्हा नुसत्या फसफसण्यावर भुलू नका, थैलीवरचं वाचा. रंगवलेली खडी नकोच. गारगोटीची स्वच्छ वाळू विषारी नसते, पण तिचे दाणे धारदार असले तर वाळूत शिरणाऱ्या माशांचं अंग खरचटतं.

दुकानदार तुम्हाला एक गोष्ट हमखास सांगेल, "ताई, ही वाळू घातली की पाण्यातला चुना कायम राहतो, वेगळं काही घालायला नको." त्यावर विसंबू नका. समुद्राच्या पाण्याचा सामू ८.१ ते ८.४ असतो आणि त्यात चुना आधीच भरपूर असतो. अशा पाण्यात ही वाळू जवळजवळ विरघळतच नाही. थर जाड असेल तर अगदी खालच्या भागात थोडीशी विरघळते. प्रवाळ वाढू लागले की त्यांना लागणारं कॅल्शियम वेगळं द्यावं लागतं. तो खर्च आधीच हिशेबात धरा.

दाण्याचं माप आपल्या डब्यांतूनच घेऊ. रव्यासारखी बारीक वाळू, म्हणजे अर्धा मिलिमीटर ते एक मिलिमीटर, दिसायला सुंदर आणि वाळू चाळून खाणाऱ्या गोबी माशांना सोयीची. पण पंपाचा प्रवाह जोराचा असेल तर ती उडते आणि प्रवाळावर जाऊन बसते. मोहरीएवढी, एक ते दोन मिलिमीटरची, ही बहुतेक घरांना सोयीची: उडत नाही आणि फार घाणही धरून ठेवत नाही. ज्वारीएवढी जाड खडी घेतली की उरलेलं खाणं आणि विष्ठा दाण्यांच्या फटीत जाऊन सडते. ती साफ करताना हात भरून येतात.

तीच गोष्ट थराच्या जाडीची. अडीच ते पाच सेंटिमीटरचा थर घरच्या पेटीला पुरतो. काही जण मुद्दाम दहा ते पंधरा सेंटिमीटरचा बारीक वाळूचा थर घालतात. त्यामागे कारण आहे. माशांच्या घाणीतून अमोनिया होतो, जिवाणू त्याचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. खोल वाळूत, जिथे प्राणवायू पोचत नाही, तिथले जिवाणू त्या नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून टाकतात. मोनॅकोमध्ये झां जोबेर या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात जाळीखाली पोकळी ठेवून वर जाड थर देण्याची रीत याच तत्त्वावर बसवली. पण असा थर पुन्हा ढवळायचा नसतो. खाली सडक्या अंड्याच्या वासाचा विषारी वायू साठलेला असू शकतो आणि तो पाण्यात मिसळला तर मासे दगावतात. घर बदलण्याची शक्यता असेल, बदलीची नोकरी असेल, तर या वाटेला जाऊ नका.

काही जण तळ कोराच ठेवतात. जोराचा प्रवाह लागणाऱ्या, फांद्यांच्या प्रवाळांसाठी ते सोयीचं. तळाची घाण नळीने सरळ ओढून घेता येते. दिसायला मात्र पेटी उघडी वाटते. वाळू हवी की नको, हे आपल्या डोळ्यांवर न ठरवता मुक्कामाला येणाऱ्यांवर ठरवावं. काही रास मासे रात्री वाळूत शिरून झोपतात. त्यांना कोऱ्या काचेवर ठेवणं म्हणजे छळ. निदान पाच सेंटिमीटर बारीक वाळू त्यांना हवीच. बिळं करणाऱ्या जॉफिशला जाड थर आणि त्यात बारीक-मोठे तुकडे मिसळलेले लागतात. परदेशी पुस्तकांत वाळू साफ करायला समुद्रकाकडी ठेवा असं लिहिलेलं असतं. आपल्याकडे तिलाही याच कायद्याचं संरक्षण आहे, तेव्हा तो सल्ला सोडून द्या. माशांची यादी आधी करा, वाळू मागून.

वाळू लागेल किती? पेटीची लांबी, रुंदी आणि थराची जाडी सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणा आणि हजाराने भागा. तेवढे लिटर वाळू. ९० बाय ४५ च्या पेटीत चार सेंटिमीटरचा थर म्हणजे सुमारे १६ लिटर. कोरडी वाळू लिटरला साधारण दीड किलो भरते, म्हणजे २४-२५ किलो झाली. त्याच पेटीत पंधरा सेंटिमीटरचा थर घातलात तर वजन नव्वद किलोंवर जातं! पाण्याचं वजन वेगळंच. स्टँड कसला आहे आणि कुठे ठेवलाय, ते आधी पाहा.

घरी आणल्यावर कोरडी वाळू तांदळासारखी धुवायची. बादलीत थोडी थोडी घेऊन पाणी निवळ होईपर्यंत धुवा आणि शेवटचं पाणी आरओचं घ्या. साबण लागलेली बादली चालणार नाही. 'लाइव्ह सँड'ची थैली मात्र धुवायची नाही. तिच्यातले जिवाणू म्हणजे आपलं विरजण. कुणी जुन्या पेटीतली वाळू फुकट देत असेल तर हात जोडा. ती वर्षानुवर्षांची घाण आणि फॉस्फेट धरून बसलेली असते.

मांडताना खडक आधी, थेट तळावर पक्के बसवा आणि वाळू मागून त्यांच्याभोवती पसरा. वाळूवर खडक ठेवले तर मासे खाली उकरतात, खडक घसरतो, मासा चिरडतो, प्रसंगी काचही फुटते. पाणी ओतताना तळाशी एक ताटली ठेवा, म्हणजे खड्डा पडत नाही. पहिले एक-दोन दिवस पेटी ताकासारखी दिसेल. घाबरू नका, ती निवळते. पुढे दर वेळी पाणी बदलताना नळीने वाळूचा एक भाग साफ करायचा, पुढच्या खेपेला दुसरा. सगळी एकदम नको, नाहीतर विरजणच धुतलं जाईल.

आणि मासे लगेच आणू नका. जिवाणू रुळायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. मुलं रोज विचारतील, "आई, मासे कधी?" त्यांच्याच हातात तपासणीची बाटली द्या आणि अमोनिया, नायट्राइट दोन्ही शून्यावर येऊन तिथेच टिकेपर्यंत वहीत आकडे मांडायला लावा. मगच पहिला मासा, आणि तोही एकच!