गोंधळाचं नव्हे, दुरुस्तीचं वर्ष

इसवीसनपूर्व ४६ हे वर्ष रोममध्ये ४४५ दिवस चाललं. आज ते 'गोंधळाचं वर्ष' म्हणून हसत हसत सांगितलं जातं. मला या नावाचा राग येतो. पाचव्या शतकातल्या मॅक्रोबियसने त्याला 'गोंधळाचं शेवटचं वर्ष' म्हटलं होतं. आपण नेमका 'शेवटचं' हा शब्द गाळला.

खरा गोंधळ आधीचा होता. रोमन वर्ष ३५५ दिवसांचं. सूर्याशी मेळ राखायला मधूनमधून जादा महिना घालायचा. आपल्याकडेही अधिक मास असतो, पण तो गणिताने ठरतो: ज्या चांद्रमहिन्यात सूर्याची संक्रांत नाही, तो अधिक. रोममध्ये हा निर्णय पुरोहित मंडळाच्या हातात होता, आणि हे पुरोहित राजकारणीच असत. वर्ष लांबलं की पदावरच्या माणसाचे दिवस वाढत. किलिकिया प्रांताचा कारभार बघताना सिसेरो रोममधल्या मित्राला पत्रातून विनवत होता, की यंदा जादा महिना घालू देऊ नकोस. त्याला घरी परतायचं होतं! धोंड्याचा महिना यंदा येणार की नाही हे तुमचा नगरसेवक ठरवतोय, अशी कल्पना करून बघा.

सीझरही धुतल्या तांदळाचा नव्हता. इ.स.पू. ६३ पासून तोच मुख्य पुरोहित होता. गॉलच्या मोहिमा आणि यादवी यांत जादा महिने राहून गेले आणि कॅलेंडर ऋतूंच्या सुमारे अडीच महिने पुढे पळालं. मग अलेक्झांड्रियाच्या सोसिजेनिसच्या सल्ल्याने त्याने ते निस्तरलं. फेब्रुवारीत २३ दिवस, नोव्हेंबर-डिसेंबरच्या मध्ये ६७. ३५५ + २३ + ६७ = ४४५.

मी सॉफ्टवेअर लिहितो. एकदा जुन्या सिस्टिमचा डेटा नव्या सिस्टिममध्ये हलवताना आम्ही सहा तास सगळं बंद ठेवलं. सकाळी मेल आला, 'एवढा गोंधळ का?' आधीची चार वर्षं चुकीच्या तारखा निमूटपणे साठत होत्या, त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता. बिघाड हळूहळू होतो, म्हणून खपतो. दुरुस्ती एकदम होते, म्हणून शिव्या खाते.

कुणी म्हणेल, मग हुकूमशहाच बरा की! अजिबात नाही. हुकूमशहा दोन वर्षांत मारला गेला. टिकला तो नियम: ३६५ दिवस आणि दर चौथ्या वर्षी एक जादा. त्यासाठी कुणाची मर्जी सांभाळावी लागत नाही, बोटं मोजता आली की पुरे.

तेही पुरोहितांना जमलं नाही. 'दर चौथ्या'मध्ये त्यांनी सुरुवातीचं वर्षही मोजलं आणि दर तीन वर्षांनी लीप दिवस घातला. ३६ वर्षांत ९ ऐवजी १२! शेवटी ऑगस्टसला काही वर्षं लीप दिवसच बंद ठेवावे लागले.

म्हणून नियम उघडा असला की काम संपत नाही. तो मोजून बघणारी, चूक दिसली की बोलणारी माणसंही लागतात. ४४५ दिवसांना हसण्याआधी एवढं विचारा: त्याआधीची वर्षं कोण मोजत होतं, आणि कुणाच्या सोयीने?