सीएनजीचा हिरवा शिक्का पुरेसा आहे काय?

निर्मळ (वसई), प्रतिनिधी

नालासोपारा स्थानकाच्या पश्चिमेकडून निर्मळकडे येणाऱ्या शेअर रिक्षांच्या मागे पूर्वीसारखा निळसर धुराचा लोट आता दिसत नाही. सीएनजीने घडविलेला हा बदल डोळ्यांना जाणवणारा आहे आणि म्हणूनच काहीसा फसवाही.

मुंबई महानगर प्रदेशातून पेट्रोल व डिझेलची वाहने टप्प्याटप्प्याने हटवून केवळ सीएनजी व विजेवरील वाहने ठेवता येतील काय, याच्या अभ्यासासाठी समिती नेमण्याचे आदेश मुंबई उच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०२५ रोजी दिले. त्याच महिन्यात राज्य शासनाने माजी सनदी अधिकारी सुधीरकुमार श्रीवास्तव यांच्या अध्यक्षतेखाली सात जणांची समिती नेमली. वसई-विरार याच प्रदेशात मोडते. १९९९ च्या याचिकेनंतरच्या लाल समितीपासून मुंबईत हा विचार चालत आला आहे. परंतु चर्चा फिरते ती इंधन कोणते याभोवती. ते इंजिनात जळते कसे, हा प्रश्न मागेच राहतो.

एक किलो पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते, तर नैसर्गिक वायूला सुमारे १७ किलो. हे प्रमाण अचूक साधले तरच सायलेन्सरमधील कॅटॅलिटिक कन्व्हर्टर कार्बन मोनॉक्साइड, न जळलेला वायू आणि नायट्रोजनची ऑक्साइडे या तिन्हींचा एकाच वेळी निकाल लावू शकतो. इंधन किंचित जास्त झाले की पहिली दोन प्रदूषके वाढतात. हवा किंचित जास्त झाली की नायट्रोजनची ऑक्साइडे कन्व्हर्टरमधून तशीच बाहेर पडतात. नव्या वाहनांत ऑक्सिजन सेन्सर आणि संगणक हा तोल क्षणोक्षणी सांभाळतात. जुन्या, बाहेरून बसविलेल्या साध्या किटमध्ये तो मेकॅनिकच्या हातातील स्क्रूवर अवलंबून असतो.

खरी मेख येथे आहे. रिक्षाचालकाला हवे असते ‘अ‍ॅव्हरेज’. तेव्हा गॅस थोडा कमी केला जातो. अशी रिक्षा पीयूसी केंद्रावर उभी केली तर ती झोकात उत्तीर्ण होते! कारण तेथे रिक्षा जागच्या जागी सुरू ठेवून कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन एवढेच मोजले जाते. नायट्रोजनची ऑक्साइडे मोजलीच जात नाहीत. सीएनजीच्या बाबतीत तर मोजलेल्या हायड्रोकार्बनला ०.३ ने गुणून केवळ मिथेनविरहित भाग धरला जातो. मिथेन विषारी नाही हे खरे. पण वीस वर्षांच्या हिशेबात त्याची तापमानवाढीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ऐंशी पट आहे.

‘आयसीसीटी’ या संस्थेने दिल्ली व गुरुग्रामच्या रस्त्यांवर धावत्या वाहनांच्या एक लाखाहून अधिक नोंदी घेऊन २०२४ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. सीएनजीवरील टॅक्सींतून नायट्रोजनची ऑक्साइडे प्रयोगशाळेतील मर्यादेच्या चौपट, तर काही हलक्या मालवाहू गाड्यांतून चौदा पटींपर्यंत आढळली. ही सारी वाहने कागदोपत्री ‘स्वच्छ’ इंधनावरचीच.

सूर्यप्रकाशात याच ऑक्साइडांपासून जमिनीलगत ओझोन तयार होतो. दम्याच्या रुग्णांना तो त्रासदायक, तसाच पिकांच्या पानांनाही. केळी, फुले आणि भाजीपाल्याच्या वाड्यांवर जगत आलेल्या, ‘हरित वसई’चा लढा पाहिलेल्या या पट्ट्याला ही बाब परकी वाटू नये.

याचा अर्थ सीएनजी नको, असा मुळीच नव्हे. डिझेलच्या काजळीच्या तुलनेत तो निश्चितच उजवा. मात्र बंदीचा आदेश निघाल्यास बदलाचा भार रिक्षाचालकावर पडेल आणि निकामी झालेला सेन्सर वा कन्व्हर्टर बदलण्याचा खर्चही त्याच्याच माथी येईल. बीएस-४ व त्यापुढील वाहनांना पीयूसी वर्षातून एकदा पुरते. रिक्षा मात्र दिवसभर धावते. धावत्या वाहनाचा धूर रस्त्याकडेच्या यंत्राने टिपता येतो, हे दिल्लीतील पाहणीने दाखविले आहे. असे यंत्र स्थानकाबाहेरच्या रिक्षा रांगेपासून दोनशे पावलांवर उभे करण्यास नवा कायदा नव्हे, परिवहन खात्याची तयारी लागेल.